प्लास्टिकच्या तुळशीला पाणी

चंद्रशेखर वायंगणकरांना बायकोचं गाणं परत हवं होतं, आणि त्यासाठी ते विजेवर चालणारी एक वस्तू विकत घ्यायला निघाले. नवरे लोकांची हीच पद्धत असते. अर्थात सरळ विचारूनही झालं होतं. "सुचित्रा, गा ना काहीतरी," म्हटलं की ती "आता कुठला गळा राहिलाय" म्हणून गॅस बारीक करायला उठून जायची. लग्न झालं तेव्हा ती रोज गायची आणि वायंगणकर गिटार घेऊन साथीला बसायचे. मग कधीतरी ते थांबलं. नेमकं कोणत्या साली, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. कुणी बंद केलं नाही, भांडण झालं नाही, एक दिवस नुसतं लक्षात आलं की बरेच दिवसांत घरात गाणं झालेलं नाही.

सुचित्राला त्याचं काही वाटत असेल-नसेल, वायंगणकरांना फार वाटायचं. न्हावा शेव्याच्या बंदरावर एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात ते नोकरीला होते. कंटेनरमधून काय आलं त्याचं वर्णन योग्य त्या रकान्यात लिहायचं, हे त्यांचं काम. संध्याकाळी उलव्याला परत येताना, लिफ्ट सहाव्या मजल्यावर थांबली की दार उघडण्याच्या आधीच्या त्या एका क्षणात ते रोज कान द्यायचे. दार उघडायचं आणि समोरच्या मितेशच्या घरातली मालिका ऐकू यायची. तरी दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कान द्यायचे.

त्यांच्या मनाने असं घेतलं होतं की दोष आपल्या गिटारच्या आवाजात आहे. पूर्वी ती जुन्या चाळीच्या उंच छताच्या खोलीत गायची, तिथे सूर जरा रेंगाळायचा. इथे फॉल्स सीलिंग. तार छेडली की आवाज तिथल्या तिथे खाली पडतो, मग कुणाला गावंसं वाटेल? तेव्हा तो रेंगाळणारा आवाज घरी आणायचा, की सुचित्रा स्वयंपाकघरातून आपोआप बाहेर येईल आणि गायला लागेल. योजना निर्दोष होती.

वाशीच्या वाद्यांच्या दुकानात पायल नावाची एक हसतमुख मुलगी होती. तिने काचेच्या कपाटातून साबणाच्या डबीएवढ्या लोखंडी डब्या काढून मांडल्या. यांना पेडल म्हणतात. गिटारची वायर यात घालायची, पायाने बटण दाबायचं, की आवाज बदलतो.

"कसा टोन पाहिजे, सर?" पायलने विचारलं.

माझ्या बायकोने गावं असा, हे खरं उत्तर होतं. पण पन्नाशीच्या माणसाला दुकानात असं बोलता येत नाही. "जरा लांबून आल्यासारखा," वायंगणकर म्हणाले.

"मग डिले घ्या. तुम्ही एकदा वाजवायचं, हा तीनदा परत वाजवतो. लास्टवाला एकदम हळू." तिने वाजवून दाखवलं. तो तिसरा, विरत जाणारा सूर वायंगणकरांनी डोळे मिटून ऐकला. त्यांनी ताबडतोब पिशवी पुढे केली.

"सर, ॲडॉप्टर सेपरेट घ्यावा लागेल."

"ॲडॉप्टर घरात चिक्कार आहेत," वायंगणकर म्हणाले, आणि इथे सगळं फिसकटलं.

नवी मुंबईतल्या प्रत्येक मध्यमवर्गीय घरात माळ्यावर एक कापडी पिशवी असते. तिच्यात बंद पडलेल्या फोनचे, राउटरचे, फोटोफ्रेमचे आणि कशाचे ते आता कुणालाच आठवत नाही असे ॲडॉप्टर एकमेकांना गुंडाळून पडलेले असतात. ते टाकायचे नसतात. वायंगणकरांनी पिशवी हॉलमध्ये उपडी केली तेवढ्यात मितेश आला. त्याला पिशवी उपडी झाल्याचा आवाज कसा कळला हे विचारू नये. सहाव्या मजल्यावर कुठेही स्क्रू ड्रायव्हर निघाला की मितेश येतो, एरवी त्याचं कळंबोलीला लोखंडाचं दुकान आहे.

"नऊ व्होल्ट लिहिलंय," वायंगणकर म्हणाले.

"हा बारावाला आहे ना, सेट-टॉप बॉक्सचा. टाका," मितेश म्हणाला. "चंदूभाई, पिन बसली म्हणजे आपलाच. तीन व्होल्टने काय होतंय?"

डबीच्या पाठीवर एक छोटं चित्र होतं. गोल, त्याच्या मधोमध वजाचं चिन्ह. रोज कस्टमच्या कागदांवरचं बारीकातलं बारीक अक्षर वाचणाऱ्या माणसाने ते वाचायला हवं होतं. पण घरी आलं की कुणी काही वाचत नाही. पिन छान बसली. डबीवरचा दिवा लागला, फार सुंदर लागला, आणि मग गेला. मागून जळक्या प्लास्टिकचा वास आला.

"पीसच डिफेक्टिव्ह होता," मितेश म्हणाला, आणि त्याला दुकानाचं काहीतरी आठवलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात पायलने डबी नाकाजवळ नेली आणि खाली ठेवली. वायंगणकरांना शाळेत प्रगतिपुस्तकावर सही आणायला विसरल्यासारखं वाटलं. "सर, हे चित्र बघितलं? मधे मायनस. तुम्ही मधे प्लस दिला, आणि वर बारा व्होल्ट." मग तिने दुसरी डबी दिली. रिकाम्या खोलीचा भास करणारी आणखी एक डबी दिली, कारण सरांना लांबून आल्यासारखं पाहिजे असेल तर नुसता डिले पुरत नाही. दोन्हींना पुरेल असा, एकाला दोन शेपट्या असलेला ॲडॉप्टरही दिला. मितेशचं नाव वायंगणकरांनी सांगितलं नाही. असा प्रसंग आला की मध्यमवर्गीय माणूस शेजाऱ्याला पाठीशी घालतो आणि त्याचा राग बायकोवर काढतो.

या वेळी सगळं रीतसर जोडलं. ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, सुरू केला. आणि वायंगणकरांनी तारेला हात लावण्याआधीच घरात एक आवाज भरला. घूंऽऽऽ. जाड, सरळ, न थांबणारा. भिंतीच्या आत कुणीतरी भलामोठा भोवरा सोडलाय असं वाटावं.

"काय वाजतंय हो?" सुचित्राने आतून विचारलं.

"काही नाही, बंद करतो."

"राहू दे," ती म्हणाली.

वायंगणकरांनी हा टोमणा समजून मुकाट्याने गिळला. आता प्रश्न इभ्रतीचा झाला होता. ही गुणगुण घालवल्याशिवाय सुचित्राला गायला बोलावणं म्हणजे चिखलात पाट मांडण्यासारखं होतं.

पुढे जे झालं त्याला तज्ज्ञ लोक दोष शोधणं म्हणतात. एक डबी काढून बघितली, मग दुसरी. वायर बदलली. ट्यूबलाइट बंद केली, पंखा बंद केला, शेवटी फ्रिज बंद केला, तेव्हा मात्र सुचित्रा दूध हातात घेऊन बाहेर आली. गुणगुण कायम. मितेश पुन्हा आला, त्याने तारांना हात लावायला सांगितलं. तारांवर हात ठेवला की आवाज एकदम दबायचा, काढला की पुन्हा घूं.

"अर्थिंग नाय," मितेश म्हणाला, आणि दुर्दैवाने या वेळी त्याचं बरोबर होतं. "तुम्ही स्वतःच अर्थिंग होताय, चंदूभाई. बिल्डिंगचं चेक करा."

वायंगणकर खाली निघाले. जाताना सगळं चालूच ठेवलं. खाली काही केल्यावर वर येऊन फरक पडला का ते कळायला नको? हा नियम त्यांनी पुढे रोज पाळला. संध्याकाळी सव्वासहाला घरी यायचं, चहा घ्यायचा, पेडल लावायचं, घूं सुरू झालं की खात्री करून खाली उतरायचं आणि आठच्या सुमाराला हात हलवत परत यायचं.

मीटर रूममधून एक लोखंडी पट्टी निघाली होती. ती भिंतीतून बाहेर, बागेच्या कडेने, थेट तुळशी वृंदावनापाशी जाऊन जमिनीत शिरत होती. वायंगणकर तिथे बराच वेळ उभे राहिले. मग त्यांना उलगडा झाला आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

झालं होतं असं. सोसायटीचा ताबा मिळाला तेव्हा अंगणात विटांचा एक चौकोनी, कंबरेएवढा कठडा बांधलेला होता. बी विंगच्या वेणूबाईंनी तो पाहिला आणि बिल्डरला आशीर्वाद दिला, की माणसाने न मागता वृंदावन दिलं. बायकांनी माती घातली, तुळस लावली. तुळस जळाली. दुसरी लावली, तीही जळाली. तिसरी जळाल्यावर कुणीतरी विटाळाचं नाव काढलं आणि सोसायटीत महिनाभर वातावरण तंग झालं. वास्तविक तो अर्थिंगचा, म्हणजे बिल्डिंगचा चुकार करंट जमिनीत सोडायचा खड्डा होता. त्यात मीठ आणि कोळसा ठासून भरलेला असतो, तिथे तुळस काय, निवडुंगही जगणार नाही. शेवटी चौथ्या वेळी प्लास्टिकची तुळस आणली, ती हलू नये म्हणून वर फरशी बसवली आणि कडेने सिमेंट भरलं. देवाचं काम पक्कं केलं, आणि खालचं मीठ इतकी वर्षं कोरडंठाक पडून राहिलं.

सोसायटीचे सेक्रेटरी दिलीप कडू यांच्याकडे वायंगणकरांनी हे तोंडी सांगितलं. कडू म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं. कडूंनी विषयाचा रकाना वाचला. "'गिटारच्या पेडलला गुणगुण येत असल्याने तुळशी वृंदावन फोडणेबाबत.' वायंगणकर साहेब, हा कागद मी फाइलला लावला तर उद्या आपण दोघं पेपरात."

"मग काय लिहू?"

"विद्युत सुरक्षा लिहा. आणि गिटार काढा त्यातलं."

वायंगणकरांनी गिटार काढलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालाचं वर्णन योग्य रकान्यात बसवणाऱ्या माणसाला आपली एकुलती एक हौस कागदावर लिहिता येऊ नये, याचं त्यांना फार वाईट वाटलं. पुढच्या संध्याकाळी कमिटीपुढे विषय आला. त्याच्या पुढच्या संध्याकाळी तोच विषय कोरमअभावी राहिला. मग बिल्डरचा नकाशा मागवायचं ठरलं, नकाशात तो खड्डा 'लँडस्केपिंग' म्हणून दाखवलेला निघाला. मग वेणूबाईंना बोलावलं.

वेणूबाई आल्या, बसल्या, पाणी प्यायल्या. "तुळशीखाली करंट सोडायचाय म्हणे तुला," त्या वायंगणकरांना म्हणाल्या.

"सोडायचा नाही, काकू. गेला तर तिथून जावा अशी सोय आहे ती."

"म्हणजे जाणार तिथूनच."

कडूंनी फाइल मिटली. विषय वार्षिक सभेकडे पाठवायचं ठरलं. वार्षिक सभा आठ महिन्यांवर होती. वायंगणकर खाली बाकावर येऊन बसले. वर सहाव्या मजल्यावर आपल्या हॉलचा दिवा दिसत होता. आठ महिने, म्हणजे तोवर पुन्हा लिफ्टचं दार आणि पुन्हा मालिका. त्यांना एकदम फार थकल्यासारखं झालं.

बागेला पाणी घालणारा पोपट नळी गुंडाळत होता. तो इथल्याच जुन्या गावचा, त्याच्या बापाची हयात मिठागरावर गेलेली. त्याने सगळी कमिटी खिडकीतून ऐकली होती. "सायेब, फोरायला कशाला पायजे?" तो म्हणाला. "मीठ हाय ते. मिठाला पानी लागतं, सुकलं का ते कामाचं नाय. त्या झारामागं पाइप हाय बघा, नरसाल्यावानी. त्यान रोज पानी टाका, बास."

प्लास्टिकच्या तुळशीमागे खरोखरच एक पाइप होता. तोंडाशी गंजलेलं नरसाळं, त्यात कुणीतरी उदबत्त्यांच्या काड्या टाकलेल्या. वेणूबाईंनाही हा तोडगा पसंत पडला, फक्त त्यांनी एक अट घातली. तुळशीला पाणी घालायचं तर ते आंघोळ करून, अनवाणी आणि रोज सकाळी घालायचं. ज्याला गरज आहे त्याने घालायचं.

तेव्हापासून वायंगणकर सकाळी साडेसहाला ओल्या केसांनी, कळशी घेऊन, प्लास्टिकच्या तुळशीला पाणी घालू लागले. मॉर्निंग वॉकचे लोक थांबून नमस्कार करू लागले. ए विंगमधल्या एका गृहस्थांनी त्यांना आपल्या मुलीच्या पत्रिकेबद्दल विचारलं. वायंगणकरांनी कुणालाच खरं सांगितलं नाही, कारण गिटार कागदातून आधीच काढलेलं होतं.

सातव्या दिवशी संध्याकाळी ॲम्प सुरू केला, आणि काहीच झालं नाही. घूं नाही की घरघर नाही. नुसती स्वच्छ शांतता. वायंगणकरांनी एक तार छेडली. ती वाजली, मग लांबून वाजली, मग आणखी लांबून. जुन्या खोलीत वाजायची तशीच. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी सुचित्राला आवडणारी जुनी सुरावट धरली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले.

सुचित्रा बाहेर आली. दाराशी उभी राहिली. "छान झालं," म्हणाली. मग जराशी घुटमळली, ॲम्पकडे बघितलं आणि पोळ्या लाटायला आत गेली.

असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी वायंगणकरांनी पेडल लावलंच नाही. दोन्ही डब्या सोफ्याखाली सरकवल्या आणि पेपर उघडून बसले. पेपर त्यांनी सकाळीच वाचला होता. सुचित्राने दोनदा काहीतरी विचारलं, त्यांनी दोनदा 'हं' म्हटलं. आपल्या हातून जे होण्यासारखं होतं ते सगळं झालं, आणि तरी ती गात नाही, म्हणजे आता कधीच गाणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना लिफ्टमध्ये दीक्षा भेटली. दीक्षा त्यांच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये राहते, हॉस्पिटलमध्ये नर्स आहे.

"काका, काकूंना बरं नाहीये का?"

"का गं? बरी आहे."

"नाही, गाणं ऐकू आलं नाही चार-पाच दिवस, म्हणून विचारलं. मध्ये रोज गायच्या ना सातला. ड्युटीवरून आले की मी पंखा बंद करून पडून राहायची. टेन्शनच जायचं सगळं." पाचवा मजला आला. दीक्षा बाहेर पडता पडता म्हणाली, "आणि ते मागे तंबोऱ्यासारखं वाजतं ना सारखं, ते तुम्ही लावता? मस्त लावता, काका."

लिफ्ट सहाव्या मजल्यावर गेली, दार उघडलं, बंद झालं आणि पुन्हा खाली गेली. वायंगणकर आतच उभे होते. रोज सातला. म्हणजे कोरम नव्हता त्या संध्याकाळी ती गात होती. नकाशा आला त्या संध्याकाळी, वेणूबाईंना पाणी दिलं त्या संध्याकाळी, ते खाली बाकावर बसून हॉलच्या दिव्याकडे बघत होते तेव्हासुद्धा. इतक्या वर्षांनी घरात गाणं आलं होतं, आणि ते बंद पाडण्यासाठी आपण अनवाणी पाणी घालत होतो.

त्यांनी तिथूनच पायलला फोन लावला. "मॅडम, ती गुणगुण गेली."

"अरे वा, काँग्रॅट्स, सर."

"ती परत कशी आणायची?"

पलीकडे दुकानात कुणीतरी वाजवत होतं, त्याला तिने थांबवलं. मग पायलने विचारलं, "सर, गुणगुण पाहिजे?"

"हो. होती तशीच."

"सर, जरा होल्ड करा," ती म्हणाली. तिने कुणाला तरी विचारलं असावं, कारण मागून हसण्याचा आवाज आला. पण मुलगी गुणी. परत येऊन तिने नीट सांगितलं. गिटार फ्रिजला टेकवून ठेवायचं, मागच्या बाजूला. घरातले असतील तेवढे चार्जर शेजारी एकाच बोर्डात लावायचे. आणि आवाजाचं बटण थोडं वर.

वायंगणकरांनी घरी येऊन माळ्यावरची पिशवी काढली. सुचित्रा कोथिंबीर निवडत होती, तिने मान वर केली नाही. एकेक चार्जर लागत गेला. गिटार फ्रिजच्या पाठीला टेकलं. जरा डावीकडे, जरा खाली, आणि मग ते आलं. घूंऽऽऽ. जाड, सरळ, होतं तसंच.

कोथिंबिरीवरचा हात थांबला. "आलं का परत?" सुचित्रा म्हणाली.

"हो ना. वैताग आहे," वायंगणकर म्हणाले. "मीटर रूम बघून येतो जरा."

त्यांनी चपला घातल्या, बाहेर येऊन दार नुसतं लोटलं आणि जिन्यापाशी उभे राहिले. आत काहीच होत नव्हतं. फ्रिजची मोटर, घूं, नळाचं पाणी. नळ बंद झाला. तेवढ्यात समोरचं दार उघडून मितेश बाहेर आला, हातात नवा ॲडॉप्टर होता. वायंगणकरांनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की आयुष्यात पहिल्यांदाच मितेशने सल्ला न देता दार लावून घेतलं.

मग ती गायला लागली. शब्द नव्हते, नुसता आकार. त्या घूंच्या पाठीवर तिने हळूच सा ठेवला, उचलला, परत ठेवला. आवाज पूर्वीचा नव्हता. वरच्या पट्टीत थोडा फाटत होता, एका जागी तो गेलाच, तिने परत येऊन तीच जागा घेतली. वायंगणकरांनी भिंतीला हात टेकला. रोज लिफ्टच्या दाराआड ज्याची वाट बघितली ते दाराच्या पलीकडे होतं. पण आत गेलं तर ते थांबणार, आणि बाहेर राहिलं तर साथ कशी करणार. त्यांना आत जायचं होतं. त्यांना इतकं आत जायचं होतं की पायातली चप्पल निघाली तरी त्यांना कळलं नाही.

गाणं मध्येच थांबलं.

"अहो," आतून आवाज आला. "मीटर रूम खाली आहे. तुम्ही दारात आहात."

वायंगणकर एका पायात चप्पल घालून आत आले. "मला कुणी सांगितलंच नाही," ते म्हणाले. "मी म्हटलं होतं ना तुला, गा म्हणून. इतकी वर्षं म्हणतोय."

"म्हणता ना. आणि मग समोर बसून ऐकता." सुचित्राने कोथिंबिरीच्या काड्या कागदात गुंडाळल्या. "तुम्ही असे तोंडाकडे बघत बसता, की मला पूर्वीचा गळा आठवतो. हे यंत्र बघत नाही. मी चुकले तरी ते आपलं चालूच असतं."

हे उत्तर कोणत्या रकान्यात लिहावं ते वायंगणकरांना समजेना. "मग मी जाऊ का खाली?" त्यांनी खरोखरच विचारलं.

तिने त्यांच्याकडे बघितलं. एक पाय अनवाणी, हातात काही नाही. "बसा," ती म्हणाली. "पण ऐकू नका. वाजवा."

वायंगणकर फ्रिजच्या मागेच, चार्जरच्या जाळ्यात, जमिनीवर बसले, कारण तिथून गिटार हलवलं तर सूर गेला असता. तारा जुळवायच्या होत्या. गिटारच्या मानेला अडकवलेल्या, सूर दाखवणाऱ्या छोट्या यंत्रावर त्यांनी पहिली तार बरोबर लावली, हिरवा दिवा लागला, पण त्या घूंशी ती जुळेना. तो सूर कुठल्याच पट्टीत बसत नव्हता, दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी होता. वायंगणकरांनी यंत्र काढून बाजूला ठेवलं आणि सहाही तारा कानाने, थोड्या थोड्या चढवत, त्या घूंच्या सुरात आणल्या. वेळ लागला. सुचित्रा तोवर थांबली होती.

मग तिने सा लावला, आणि वायंगणकर फ्रिजकडे तोंड करून वाजवू लागले.